थायलंडचे घोडे, मनमाडचं आकाश

माझ्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, रंगांचं वेड होतं आणि पोटापाण्यासाठी त्यांच्या वाट्याला रंग आला तो एकच, करडा. सातपूरच्या ज्या कारखान्यात ते होते तिथे विजेच्या पॅनेलची लोखंडी कपाटं बनत. पेंट शॉपमध्ये उभं राहून अप्पा ती स्प्रे-गनने रंगवत. सोमवार ते शनिवार करडा, ओव्हरटाइम असला तर रविवारीही करडा. एकदा कुठल्याशा गिऱ्हाइकाने निळी कपाटं मागितली तेव्हा अप्पा घरी पेढे घेऊन आले होते. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकाचं मन बदललं, पण पेढे खाऊन झाले होते.

म्हणून सुट्टीच्या दिवशी ते नाटकाचे पडदे रंगवत. नव्वदच्या दशकात नाशिकच्या कारखान्यांमधून नाटकवेडे कामगार भरपूर होते. दरवर्षी त्यांची स्पर्धा व्हायची आणि आमच्या अप्पांच्या कारखान्याचा संघ तीत हमखास उत्तेजनार्थ बक्षीस मिळवायचा. नेपथ्य अप्पांकडे. मांजरपाटाच्या पट्ट्या शिवून मोठा पडदा करायचा, तो गच्चीवर ताणायचा, स्टोव्हवर सरस उकळायचा आणि त्यात पावडरचे रंग कालवायचे. सरसाचा वास ज्यांनी घेतलेला नाही ते सुखी आहेत. आई त्या दिवशी खिडक्या लावून घ्यायची आणि शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी आईशी बोलायच्या नाहीत.

अप्पा मूळचे मनमाडचे. आजोबा रेल्वेत होते, त्यामुळे लहानपण क्वार्टरमध्ये गेलं. तिथल्या मैदानावर अधूनमधून पांढरं कापड बांधून इंग्रजी सिनेमे दाखवत आणि ते बहुतेक काउबॉयचे असत. समोरच्या बाजूला साहेबलोकांच्या खुर्च्या मांडलेल्या असायच्या. म्हणून पोरंटोरं कापडाच्या मागे जाऊन बसायची, तिथूनही चित्र दिसायचंच, फक्त उलटं. परिणामी अप्पांची बरीच वर्षं अशी समजूत होती की अमेरिकेत सगळे काउबॉय डावखुरे असतात. लग्नानंतर आईबरोबर थिएटरात एक काउबॉयचा सिनेमा पाहिला आणि हिरोने उजव्या हाताने पिस्तूल काढलं, तेव्हा म्हणे त्यांना फसवल्यासारखं वाटलं. ही गोष्ट ते आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत आणि आई प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसे. संसार टिकतात ते अशाने, असं माझं मत आहे.

मी दहावीला असताना त्यांच्या संघाने एक नाटक बसवलं. रेल्वेच्या फाटकावर राहणाऱ्या एका गेटमनची गोष्ट होती. फाटक मनमाडच्या बाजूचं, वेळ संध्याकाळची. अप्पांना आणखी काय हवं होतं? त्या नाटकाचा पडदा त्यांनी सलग पाच रविवार रंगवला. डाव्या हाताला मनमाडच्या स्टेशनवरून दिसतो तो अंगठ्यासारखा सुळका, खाली काळपट हिरवं माळरान, मधोमध नारिंगी पट्टा आणि वर सगळं आकाश गुलाबी. साधंसुधं गुलाबी नाही. ज्याला आपण लग्नाच्या मांडवातलं गुलाबी म्हणतो, तसं.

"अप्पा, आकाश असं असतं का हो?" मी विचारलं होतं.

"मनमाडला असतं," ते म्हणाले. "मे महिन्यात धूळ उडाली ना, की लय भारी रंग चढतो. आम्ही फलाटावर उभं राहून बघायचो."

प्रयोगाला मी शाळेतल्या चार मैत्रिणींना घेऊन गेले. माझ्या अप्पांचा पडदा आहे म्हणून रिक्षात बसल्यापासून मिरवत होते. तिसऱ्या अंकात तो पडदा उघडला. लगेच मागच्या रांगेतून एक आवाज आला, "अरे, गुलाबाचं सरबत सांडलं कुणाचं?"

सगळे हसले. गेटमनच्या बायकोला रडायचं होतं, तीसुद्धा ओठ दाबत राहिली. माझ्या मैत्रिणी हसल्या. आणि मी हसले. नुसती हसले नाही, चौघींपेक्षा मोठ्याने हसले, कारण मघापासून मीच मिरवत होते आणि आता त्या पडद्याशी माझा काही संबंध नाही हे मला चारचौघांत सिद्ध करायचं होतं. पंधराव्या वर्षी माणूस किती भित्रा असतो याची मला अजून लाज वाटते. विंगेत अप्पा उभे होते. ते प्रेक्षकांकडे बघत होते एवढं मला दिसलं. मला बघत होते की नाही, ते मला कळलं नाही आणि विचारायचं धाडस झालं नाही.

परीक्षकांच्या शेऱ्यात नेपथ्यापुढे लिहिलं होतं, 'आकाश अवास्तव वाटते.' त्या वर्षी उत्तेजनार्थही मिळालं नाही.

पुढच्या रविवारी अप्पांनी तो पडदा पुन्हा गच्चीवर ताणला. मला वाटलं दुरुस्ती करतायत. दुपारी चहा घेऊन वर गेले तर पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत करडा. कारखान्यातला तोच ऑइलपेंट, तोच शेड नंबर. कारखान्यातून आणला नव्हता, दुकानातून विकत आणला होता, अप्पांचा तेवढा बाणा होता.

"हे काय केलंत?"

"बरं झालं. पावसाला चालेल आता," ते म्हणाले. "आणि करड्याला कुणी हसत नाय."

त्या दिवसानंतर त्यांनी पडदा रंगवला नाही. संघातले लोक दोनदा येऊन गेले, मग येईनासे झाले. पुढे नाटकांनाही पडदे लागेनासे झाले. दोन खुर्च्या आणि एक चौकोनी ठोकळा मांडला की झालं नेपथ्य. ब्रश जुन्या ट्रंकेत गेले. तो करडा पडदा ताडपत्रीसारखा कडक झाला होता. गच्चीवर कूलर, मोडकी खाट आणि आईचं अंघोळीच्या पाण्याचं जुनं घंगाळ होतं, त्यांच्यावर तो कायमचा घातला गेला. घरात त्याला 'अप्पांची ताडपत्री' असंच नाव पडलं. उन्हाळ्यात कूलर काढायचा असला तर अप्पा स्वतः वर जात आणि परत स्वतःच नीट घालून येत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मला तो त्यांचा नीटनेटकेपणा वाटायचा.

दहाएक वर्षं गेली. मला गंगापूर रोडवरच्या एका ग्रंथालयात नोकरी लागली. त्या ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये एक फिल्म सोसायटी भरायची, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला. जगभरचे गंभीर सिनेमे. एखादा माणूस माळावरून सात मिनिटं चालत जातो, मग थांबतो, मग परत येतो, असे. सभासद तीस-चाळीस, बहुतेक निवृत्त. सिनेमानंतर चर्चा, चर्चेनंतर मिसळ. काही जण नुसते मिसळीला येतात असा सेक्रेटरी काकांना संशय होता आणि तो खरा होता. हे काका बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे.

प्रोजेक्टर माझ्याकडे होता. मला त्यातलं काही कळत होतं असं नाही, पण मी इमारतीतच नोकरीला होते आणि सगळ्यांत तरुण होते, म्हणून रिमोट माझ्या हातात आला. प्रोजेक्टर सेकंडहँड, त्याचे रंग हवापाण्याप्रमाणे बदलत. म्हणून आमची एक पद्धत ठरली होती. सिनेमा सुरू झाला की पहिल्या चेहऱ्यावर रंग जुळवायचा. चेहरा माणसासारखा दिसला की बाकीचं जग आपोआप बरोबर. आजवर ही पद्धत कधी चुकली नव्हती. चुकायचं कारणही नव्हतं, कारण आमच्या सिनेमांत रंगच फारसे नसायचे.

एका महिन्यात सेक्रेटरी काकांच्या पुण्याच्या मित्राने एक डिस्क पाठवली. कव्हर नाही, नाव नाही, वर स्केच पेनने लिहिलेलं, 'थायलंड. काउबॉय.' इंग्रजी सबटायटल्स आहेत एवढी हमी होती. घरी जेवताना मी सहज बोलले की या रविवारी थायलंडचा काउबॉय आहे.

अप्पांनी मान वर केली. "थायलंडात कुठले आलेत काउबॉय?"

"काय माहीत. आलेत म्हणे."

"घोडे आहेत?"

"असणारच."

"मग येतो," अप्पा म्हणाले. त्या नाटकानंतर ते कुठल्याच नाटक-सिनेमाला गेले नव्हते. आई वाढता वाढता थांबली आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी पुढचा घास घेतला, बोलून उगाच दृष्ट लागायची.

रविवारी आई तिच्या बहिणीकडे मालेगावला गेली आणि आम्ही दोघं स्कूटरवरून हॉलवर. अप्पा तिसऱ्या रांगेत कडेला बसले, इस्त्रीचा शर्ट घालून. दिवे गेले, सिनेमा सुरू झाला.

पहिलंच दृश्य. भाताची खाचरं, त्यात घोटाभर पाणी, पाण्यातून येणारे तीन घोडेस्वार, मोठ्या हॅट, कमरेला पिस्तुलं. मागे म्हशी डुंबतायत. इथवर ठीक होतं. पण गवत पोपटासारखं हिरवं, खलनायकाचे बूट हळदीसारखे पिवळे, हिरोच्या गालांना लाली, आणि वर आकाश गुलाबी. मांडवातलं गुलाबी.

हॉलमध्ये खुसखुस झाली. सेक्रेटरी काका अंधारात माझ्याकडे वाकले. "रंग गेलेत. बघ जरा."

मी पद्धतीप्रमाणे चेहरा धरला. हिरोच्या गालांवरची लाली उतरेपर्यंत रंग कमी करत गेले. तो माणसासारखा दिसायला तयारच होईना, म्हणून आणखी कमी केला, आणखी कमी. शेवटी गवत वाळलं, बूट मळके झाले आणि आकाश करडं झालं. "आता बरोबर," काका म्हणाले. लोक नीट बसले. आमच्या सोसायटीला हा सिनेमा आता ओळखीचा वाटू लागला होता.

पाच मिनिटं गेली असतील. तिसऱ्या रांगेतून आवाज आला, मोठा नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"ताई, आकाश होतं तसं कर."

अप्पा मला लहानपणापासून ताई म्हणत. मी बटणावरचं बोट काढलं. सेक्रेटरी काका अदबीने म्हणाले, "अहो, मशीनचा रंग बिघडला होता."

"मशीनचा नाय बिघडला." अप्पा उभे राहिले होते. पडद्यावर त्यांच्या डोक्याची सावली पडली, तीही मनमाडच्या त्या सुळक्यासारखी. "ते आकाश रंगवलेलं आहे. कडेला बघा ना, वरच्या कोपऱ्यात. रुंद ब्रशचे हात दिसतायत. दोन पट्ट्या जोडल्यात तिथे शिवण पण आहे."

सगळ्यांनी कोपऱ्यात पाहिलं. शिवण होती.

माझ्या हातात रिमोट होता आणि मला एकदम सरसाचा वास आला. करडा रंग, तोच माणूस, तेच आकाश, आणि या वेळी करडा मारणारी मी होते. अप्पांच्या मुलीने दहा वर्षांत दुसऱ्यांदा तोच उद्योग केला होता आणि तोही तीस-चाळीस निवृत्त माणसांना साक्षीला ठेवून. मला इतकं वाईट वाटलं की बटण सापडेना. सापडल्यावर मी ते दाबून धरलं. रंग चढत चढत गेले आणि शेवटी ते गुलाबी आकाश भिंतभर पसरलं.

मागून कुणीतरी हसलं. मी खुर्चीत आकसून बसले. मला वाटलं झालं, आता सरबत सांडणार.

पण पुढे हिरो एका देवळाशी आला. मागे खलनायकाची माणसं लागलेली, गोळ्या सुटतायत. हिरो घोड्यावरून उतरला, पायरीपाशी बसला, शांतपणे बूट काढले, ते जोडीने नीट ठेवले, वर पिस्तूल ठेवलं, त्यावर हॅट ठेवली आणि अनवाणी आत गेला. पाठलाग करणारे आले. त्यांनीही बूट काढले. गुलाबी आकाशाखाली पायरीवर बुटांची रांग लागली. आत सगळे हात जोडून बसले आणि बाहेर येऊन, आपापले बूट शोधून घालून, मगच पुन्हा गोळीबार सुरू झाला. हॉल खदखदून हसला. ज्यांना सप्तशृंगीच्या पायथ्याशी चप्पल हरवायचा अनुभव आहे त्यांना त्या खलनायकाची बूट शोधतानाची तगमग लगेच कळली. आणि त्या हसण्यात मला सगळ्यांत मोठा ऐकू आला तो अप्पांचा आवाज. रुमाल डोळ्यांना लावून हसत होते.

चर्चेत गंगापूर रोडच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं की दिग्दर्शकाने आकाश मुद्दाम खोटं ठेवलंय, आपण सिनेमा बघतोय हे विसरू नये म्हणून. बोलले छान. मग सेक्रेटरी काकांनी अप्पांना बोलायला सांगितलं, तेही मनापासून, कारण मघाचा मशीनचा विषय त्यांना लागला होता.

अप्पा म्हणाले, "खोटं-बिटं मला नाय कळत. ज्याने रंगवलं त्याने ते कधीतरी पाहिलं असणार. एवढंच."

मिसळीला आम्ही दोघं वेगळ्या बाकावर बसलो. अप्पा तर्रीकडे बघत म्हणाले, "चांगला हात आहे हो त्या माणसाचा. गुलाबी रंग वरून खाली पातळ करत आणलाय. ते सोपं नसतं."

मला आता राहवेना. "अप्पा, त्या नाटकाला मी हसले होते."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि पाव मोडला. "एवढ्या लोकांत तुझं हसू मला ओळखू येणार नाय होय?"

"मला वाटलं परीक्षकांच्या शेऱ्याने तुम्ही..."

"परीक्षकाचं काय घेऊन बसलीस? तो परका माणूस. त्याला काय माहीत मनमाड." त्यांनी पाव रश्श्यात बुडवला. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. "तू हसलीस, मग म्हटलं असेल खरंच वाईट. घरातल्या माणसाला तरी दिसायला हवं ना."

मी हातातला पाव खाली ठेवला. मी माफी मागितली, ती नीट जमली नाही, कारण शेजारच्या बाकावर सेक्रेटरी काका जादा फरसाण मागत होते. अप्पांनी माझ्या पुढ्यातला पाव उचलून खाल्ला आणि म्हणाले, "चल. ताडपत्री काढू."

घरी येऊन आम्ही दोघं गच्चीवर गेलो. दहा पावसाळे झेललेला तो कडक करडा पडदा आम्ही चार कोपरे धरत धरत ओढला आणि उलटा केला. मी बघत राहिले. आतली बाजू गुलाबी होती. पावडरचा रंग त्या वेळी मांजरपाटातून झिरपून मागे उतरला होता आणि पुढचा ऑइलपेंट मागपर्यंत पोचलाच नव्हता. थोडं फिकं झालं होतं, खाटेचे पाय लागत तिथे दोन डाग होते, बाकी आकाश होतं तसं होतं. सुळका फक्त डावीकडचा उजवीकडे गेला होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच घालत होतो ना दर वेळी उलटसुलट बघून," अप्पा म्हणाले. "आणि उलट्याचं काय, मी काउबॉयपण असेच बघितलेत. मागून."

दुपारी त्यांनी ट्रंक उघडून ब्रश पाण्यात घातले, मी स्टोव्ह वर नेला. पाचच्या सुमारास आई मालेगावहून आली. तिने जिन्यातच नाकाला पदर लावला. वर येऊन आधी पडद्याकडे, मग अप्पांकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, मग कूलरवर आता काय घालायचं?"

"काहीही घाल," अप्पा म्हणाले. "करडं बघून घाल."

आई खाली गेली. खिडक्या लावल्याचे आवाज एकेक करून वर आले. अप्पांनी डब्यात गुलाबी कालवला, पडद्याच्या फिकट कोपऱ्यात एक रुंद हात मारला आणि दोन पावलं मागे आले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ताई, बघ बरं. जास्त झाला का?"

मी नीट बघितलं. एवढं नीट मी आयुष्यात काही बघितलं नसेल.

"नाही अप्पा," मी म्हटलं. "अजून थोडा हवा."